रुमालाखालची संमती

रूपचंद आण्णाच्या उजव्या हाताची करंगळी दिवाळीनंतर कधीतरी घर सोडून गेली. म्हणजे बोट जागेवरच होतं, नखासकट, लहानपणी विळ्यानं कापल्याच्या वणासकट; पण आत कोणी राहत नव्हतं. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही यायच्या थांबल्या. एका सकाळी करंगळीवर टरटरून फोड आलेला होता आणि तो आण्णाला कळला तो बेबीबाईनं विचारल्यावर.

"हाई काय व्हयनं?" बायको म्हणाली.

"बिडी लागनी."

बिडी त्यानं केव्हाच सोडली होती. बेबीबाई हळद आणायला आत गेली. पण ओसरीच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या सुनेनं मान वर केली, चहाच्या कपाकडे पाहिलं, आणि मान पुन्हा खाली घातली.

बोट बधिर होणं दुसऱ्या कुणाला परवडलं असतं. आण्णाचं पोट त्या बोटांवर होतं. तो बैलांचा दलाल. राहायला म्हसावदला, पण बाजार त्याचा खापरचा. दर आठवड्याला पहिल्या गाडीनं निघून तळोद्यावरून तो खापर गाठायचा, आणि गुरांच्या बाजारातल्या चिंचेखाली खांद्यावरचा रुमाल झटकून उभा राहायचा. तिथं बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकतो आणि विकणारा रुमालाखाली त्याची बोटं धरतो. जितकी बोटं धरली तितके दहा हजार. वरची मोड पेरांवर. मग दलाल तोच हात घेऊन घेणाऱ्याकडे जातो. पुन्हा रुमाल, पुन्हा बोटं. भोवती माणसं उभी असतात, तंबाखू मळत असतात, बैलाच्या दातांवर बोलत असतात, आणि सौदा सगळ्यांच्या मधोमध, कुणालाही न दिसता चाललेला असतो. भाव फुटला नाही की मोडलेल्या सौद्याचा डाग बैलाला लागत नाही.

दुसरंही एक कारण होतं. त्या चिंचेखाली सपाटीवरची अहिराणी यायची, डोंगरातली भिली यायची, हद्दीपलीकडची गुजराती यायची, आणि पाटीवर शाळेतली मराठी टांगलेली असायची. कुणाचं कुणाला नीट कळत नसे. बोटं मात्र सगळ्यांना कळत. आण्णा उभा जन्म या लोकांच्या मधोमध उजवा हात घेऊन उभा राहिला होता. त्याचा हात म्हणजे गावाबाहेरची धर्मशाळा. कोणीही यावं, आपली गोष्ट ठेवून जावं.

त्या हाताला काय झालंय, हे त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. चामडीची जाण जाते तो एक रोग त्याला ऐकून माहीत होता. त्याचं नाव तो मनातही घेत नव्हता. ते नाव बाजारात पसरलं तर त्याचा हात कोण धरणार?

घरात सून होती ममता. मुलगा नवनीत सुरतेला साड्यांच्या दुकानात कामाला. महिना-दीड महिन्यानं यायचा. ममता शिरपूरकडची. लग्नात अर्धवट राहिलेलं बी.कॉम. तिनं शहाद्याच्या कॉलेजात पुन्हा धरलं होतं आणि आता शेवटच्या वर्षाला होती. मे महिन्यात पेपर. म्हणून आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणालाही, ती माहेरी गेली नाही. गावातल्या सगळ्या लेकी झोक्यावर आणि ही ओसरीच्या खांबाला टेकून व्यवसाय कायदा घोकते आहे, याचं बेबीबाईला वाईट वाटायचं, पण आल्यागेल्याला ती मान ताठ करून सांगायची, "आमनी सून वकिलीनं बुक वाचस."

घरात रीत होती. सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. त्यामुळे सगळं बोलणं बेबीबाईवरून जायचं.

"आत्या, आण्णाले सांगा, चहा गरम शे."

"आयकं का हो, चहा गरम शे म्हने."

"तिले सांग, फुकीसन पेस."

"फुकीसन पेस म्हने. दोन हातवर बठेल शेतस दोन्ही, आन मी मझारमा टपालवाली!"

ममता मोठ्यानं वाचायची. बाजेवर पडल्या पडल्या आण्णा ऐकायचा. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल. हे शब्द त्याला नवे कोरे वाटत, खुंट्याला नवीन कासरा बांधावा तसे. पण त्यांच्या आत बघितलं की ओळखीचं जनावर निघे. प्रस्ताव म्हणजे बोट धरणं. स्वीकृती म्हणजे बोट न सोडणं. एकदा त्यानं टपाल पाठवलं, "तिले इचार, बोलानं नही आन लिखानं बी नही, तरी करार व्हस का?"

ममता पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "आत्या, सांगा, व्हस. माणसाच्या वागण्यावरनंबी करार व्हस, आसं लिखेल शे."

"म्हंजे आमना धंदा बी बुकमा शे," आण्णा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून हसला. करंगळी गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असावा.

आखाजी झाल्यावर शेतकऱ्याचं नवं वर्ष लागतं, बाजार भरू लागतो. त्या आठवड्यात चुडामण पाटील आपली जोडी घेऊन खापरला आला. एक गव्हाळ, एक पांढरा. पांढऱ्याचं डावं शिंग टोकाला तुटलेलं. चुडामणला जोडी विकायची नव्हती. पोरानं ट्रॅक्टर आणला होता आणि गोठ्यात त्याला जागा हवी होती. म्हातारा बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभा होता, आणि घेणारा पुढे आला की बैलाला अंगामागे घेत होता.

घेणारा होता फत्तेसिंग. काठीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचा पाडा. ट्रॅक्टर जिथं चढत नाही असली त्याची शेतं. त्यानं बैलांचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि मग तुटक्या शिंगाला हात लावून भिलीत काहीतरी पुटपुटला. बैलानं कान हलवला.

आण्णानं रुमाल टाकला. चुडामणनं पहिल्यांदा अंगठ्यासकट अख्खा पंजा धरला. पाच. आण्णा फत्तेसिंगकडे गेला. फत्तेसिंगनं तीन धरली. आण्णा परत आला, तीन बोटं सांगितली. चुडामण मान हलवत राहिला. बैलाकडे पाहिलं, ट्रॅक्टरवाल्या पोराकडे पाहिलं. पुन्हा रुमालाखाली हात घातला. आण्णाला तीन बोटांभोवती मूठ आवळलेली कळली. तीन.

पाचवरून एकदम तीन. त्याला नवल वाटलं. चार नाही, साडेतीन नाही. मग त्याला वाटलं, पाटलाचं मन विरघळलं. बैल डोंगरात जातील, औताला राहतील, उभे राहतील. म्हणून म्हाताऱ्यानं सोडून दिलं. इतक्या वर्षांत त्यानं हाताला लागलेला राग पाहिला होता, हाव पाहिली होती. हाताला लागलेली माया क्वचित. त्यानं पुन्हा विचारलं नाही. सौदा वाजवला, बैलांच्या कपाळाला गुलाल लावला, कासरा एका हातातून दुसऱ्या हातात दिला. फत्तेसिंगनं इसार दिला. बाकी पुढच्या बाजारी, बैल औताला चालवून पाहिल्यावर. ती तिथली रीतच.

पुढच्या बाजारी फत्तेसिंग आला आणि बाकी चुडामणच्या हातावर ठेवली.

"आन राहेल कोठे शे?" चुडामण म्हणाला.

"राहिलं काय? तीन बोटं झाली. झालं पूर्ण."

"तीन? मी चार धऱ्यात, दादा."

"मी तीनच बोललो. पहिल्यापासून तीनच."

माणसं गोळा व्हायला बाजारात वेळ लागत नाही. कुणीतरी म्हणालं, "डोंगरवाला आते शहाना व्हई गया." कुणीतरी हसलं. "बैल डोंगरमा गयात, आते कोन देखाले जास!" फत्तेसिंगला सगळे शब्द कळले नसतील, हसणं कळलं. तो ताठ झाला. त्यानं कुणाकडे न पाहता आण्णाकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा, रूपचंदभाई. तुमच्या हातात होतं."

"हां, आण्णाले इचारा," चुडामणही म्हणाला. "आण्णा म्हनी ते खरं. मी एक शबद बोलाव नही."

आण्णानं उजवा हात रुमालात गुंडाळून पोटाशी धरला होता. त्याला सगळं कळलं होतं. चार बोटं धरली गेली होती. पैकी एक घरी नव्हतं; आणि सौदा वाजला तेव्हा पाटलाला वाटलं होतं, चार कबूल झाली.

तो चार म्हणाला असता तर हा माणूस डोंगरापर्यंत खोटा ठरला असता, आणि तीन म्हणाला असता तर म्हातारा पाटील. आणि खरं सांगितलं असतं तर हा हात आज संध्याकाळी चिंचेखालीच पुरावा लागला असता.

"पुढला बाजारले सांगस," तो शेवटी म्हणाला.

"आन तवलगून बैल?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "बैल आठे आनीसन बांधा!"

"बैल फत्तेसिंगकडे राहतीन. मन्हा नाववर."

गर्दी पांगली. पांगताना जे काय बोलायचं ते बोलत पांगली. फत्तेसिंग गाडीकडे निघाला तेव्हा त्याला कुणी वाट करून दिली नाही.

त्या आठवड्यात आण्णा जेवला नाही असं नाही, पण ताटात काय होतं ते त्याला सांगता आलं नसतं. दुपारी बेबीबाई शेजारच्या गच्चीवर कुरडया घालायला गेली. घरात तो, सून, आणि बाहेर पांढरं पडलेलं ऊन. टपाल बंद.

ममता वाचत होती. "दोन किंवा अधिक व्यक्ती जेव्हा एकाच गोष्टीला एकाच अर्थानं मान्यता देतात, तेव्हा त्यांनी संमती दिली असं म्हणतात." तिनं ते दोनदा वाचलं. बाजेवर आण्णा उठून बसला. इकडे तिकडे पाहिलं. बायको नव्हती. मग तो ओसरीच्या खांबाला म्हणाला,

"तिले इचार, दोन्हीनी हां म्हना, पन एकना मनमा चार आन एकना मनमा तीन. मंग?"

ममतानं पदर पुढे ओढला. तीही खांबालाच म्हणाली, "आण्णाले सांग, मंग संमतीच नही. करार झालाच नाही. निरर्थक. ज्याचं जे व्हतं ते ज्याले त्याले परत."

"आन खोटं कोन?"

"कोनीच नही. दोन्ही खरा. दोन्हीसनी चूक, त्याले खोटं म्हनत नहीत."

आण्णानं खांबाकडे पाहिलं. खांबाला वाळवी लागली होती. आतून पोकळ, वरून रंग. मग तो अगदी हळू म्हणाला, "आन मझारला माणूस चुकना ते?"

ममतानं पुस्तक मिटलं. त्या प्रश्नाचं उत्तर देणारं प्रकरण तिच्या पुस्तकात होतं, दलाल आणि त्याची कर्तव्यं. परीक्षेला ते हमखास येतं असं सरांनी सांगितलंही होतं. पण ती ते उघडायला गेली नाही. ती उठली. सासऱ्याच्या बाजेशी खाली बसली.

"खांबा, आण्णाले सांग, हात दे."

त्यानं डावा दिला.

"तो नही."

आण्णानं उजवा हात पुढे केला. ममतानं डोक्यावरचा पदर सोडवला, त्याचं टोक त्या हातावर टाकलं, आणि खाली आपला हात घातला. लग्नानंतर तिनं त्याच्या पायांना हात लावला होता. हाताला कधी नाही. गोठ्यातल्या म्हशीनं शेपटी आपटली.

"कितला बोटं, आण्णा?"

ती खांबाला नव्हती बोलत. त्याच्याशीच बोलत होती.

"तीन."

तिनं पदर बाजूला केला. आण्णानं पाहिलं. तिच्या मुठीत त्याची चार बोटं होती, आणि ती सगळ्यात घट्ट करंगळीच्या बाजूनं आवळलेली होती, इतकी की तिची नखं पांढरी पडली होती.

"सोड माय," तो म्हणाला. "तो रोग व्हई ते तुले लागी."

"कोन म्हनस तो रोग शे म्हनीसन? डॉक्टर म्हना का?"

"नही."

"मंग तुम्हीनच ठराई टाकं? एकलानीच?" तिचा आवाज चढला, आणि मग तिलाच त्याचं आश्चर्य वाटलं. तिनं हात सोडला नाही. "चहा भाजना तवय मी देखं व्हतं. मी आत्याले बी सांगं नही. मन्हीबी चूकच शे."

आण्णाच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनेसमोर रडावं लागलं म्हणून त्यानं तोंड फिरवलं नाही. फिरवायचं त्याला सुचलंच नाही. चार बोटांपैकी तीन बोटांना तिचा हात गरम लागत होता. चौथ्याला लागत असेलच, असं त्यानं धरून घेतलं.

तिसऱ्या बाजारी चिंचेखाली नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. चुडामण आला होता. फत्तेसिंग बैल घेऊन आला होता; गव्हाळ्याच्या गळ्यात त्यानं कवड्यांची माळ घातली होती, तुटक्या शिंगाला तेल लावलं होतं. परत द्यावे लागले तर नटवून द्यावेत, असं त्याच्या मनात असावं.

आण्णानं खांद्यावरचा रुमाल काढला, पण टाकला नाही. हातात धरून उभा राहिला.

"चुडामण," तो म्हणाला, "तू चार धऱ्यात. खरं शे." गर्दीत एक हुंकार उठला. "फत्तेसिंग तीन बोलना. तेबी खरं शे." हुंकार थांबला. "मन्ही ही करंगळी दिवाळीपाईन मरेल शे. तू धरी, माले कयनी नही. खोटं कोनी नही. सौदाच व्हयना नही. इसार परत, बैल परत. चूक मन्ही."

आणि त्यानं ते बोट उघड्यावर धरलं. फोडाचा काळा डाग अजून होता.

आजवर ज्यांनी तो हात धरला होता ते सगळे आपापल्या हातांकडे पाहू लागले. दोघे-तिघे एक पाऊल मागे झाले. आण्णाला तेच अपेक्षित होतं. तरीही ते पाऊल त्याला ऐकू आलं.

फत्तेसिंग पुढे आला. त्यानं कासरा बगलेत दाबला आणि दोन्ही हातांनी आण्णाची करंगळी पेरापेरांवर दाबून पाहिली, बैलाचा लंगडणारा पाय तपासतात तशी.

"इथं कळते?"

"नही."

"इथं?"

"नही."

"मनगटात?"

"हां. तठे कयस."

"मग सगळं नाही गेलं," फत्तेसिंग म्हणाला.

चुडामण बैलाजवळ गेला होता. पांढऱ्यानं त्याचा हात चाटला, पण कान फत्तेसिंगकडे होते. म्हातारा गव्हाळ्याच्या माळेकडे पाहत राहिला. "हाई कवडीसनी माळ कोनी करी?"

"माझ्या बायकोनं. होळीची होती, पोराची. ह्याला घातली."

"औतले कसा चालना?"

"हा चांगला. तो जरा मनाचा मालक."

"लहानपनपाईन तसाच शे," चुडामण म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. मग आण्णाकडे वळला. "आण्णा, सौदा नवा करानं शे. टाक रुमाल."

"मन्हा हातवर नही."

"मंग कोना हातवर?"

आण्णानं चुडामणचा हात धरला, फत्तेसिंगचा हात धरला, दोन्ही एकमेकांत दिले आणि वरून रुमाल टाकला. सपाटीवरच्या पाटलानं डोंगरातल्या माणसाचा हात असा मधे कुणी नसताना धरलेला त्या चिंचेनं पाहिला नसावा. दोघंही अवघडले. आण्णा रुमालाची दोन टोकं धरून उभा राहिला. वारा होता, रुमाल उडू नये इतकंच त्याचं काम.

रुमालाखाली काहीतरी हललं. थांबलं. पुन्हा हललं. चुडामणची मान नाही म्हणाली, फत्तेसिंगच्या भुवया वर गेल्या. मग दोघंही बैलांकडे पाहू लागले. आणि मग रुमालाखालचं सगळं शांत झालं, झोपलेल्या पोराच्या पांघरुणासारखं. आण्णानं टोकं सोडली नाहीत. त्याला वाटलं, हे असंच आणखी थोडा वेळ राहावं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बेबीबाई दारातच होती. त्यानं पिशवीतून आमचुराची पुडी काढली. फत्तेसिंगनं दिलेली, डोंगरातल्या कैऱ्यांची. बेबीबाईनं पुडीचा वास घेतला, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि काही विचारायला तोंड उघडणार तोच ओसरीतून आवाज आला,

"आण्णा, सौदा व्हयना का? कितला बोटंवर?"

बेबीबाई गर्रकन वळली. "आँ? आन मी? मन्ही टपालनी नोकरी गयी का?"

"गयी," आण्णा म्हणाला. "आपली दोन्हीसनी गयी." मग सुनेला म्हणाला, "व्हयना. बैल डोंगरमा गयात. कितलावर, माले काय माहीत! रुमाल मन्हा व्हता, हात नव्हता."

"उद्या अकराले मन्हा कायदाना पेपर शे," ममता म्हणाली. "तुम्हीन शहादाले मन्हासंगे या. पेपर व्हयना की डॉक्टरकडे जाऊत."

त्यानं नाही म्हटलं नाही. बाजेवर बसला. रुमाल घडी करून उशाशी ठेवला. खांद्यावर घ्यायचा की नाही, ते उद्या बघू. बेबीबाई अजून दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती, कुणाचं टपाल आधी घ्यावं असा प्रश्न पडल्यासारखी.

ममतानं चहा आणला. कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला, आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली,

"गरम शे."